सूर बेंजोचा चुकतो, बोल शिकणाऱ्याला लागतो

घणसोलीच्या एका नोकरदार गृहस्थांनी पंचेचाळिशीत बेंजो, म्हणजे चाव्या दाबून वाजवायचं तारवाद्य, शिकायला घेतला. ठाणे स्टेशनजवळच्या एका विक्रेत्याने त्यांना साडेअकरा हजारांना जुना इलेक्ट्रिक बेंजो दिला. कितीही रियाज केला तरी वरचा सा जुळेना. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं : "हात बसला की सूर लागेल, काका."

हे धडधडीत खोटं आहे. चावी दाबली की तार पडद्यावर, म्हणजे खालच्या आडव्या उंचवट्यावर, टेकते आणि स्वर तिथेच ठरतो. फार जोर दिला तर किंचित चढतो, एवढाच हाताचा वाटा. तारा नीट जुळवूनही चाव्यांवर बेसूर येत असेल तर दोष वाद्याचा. नवशिक्याला हे ठाऊक नसतं, तो स्वतःच्या कानाला दोष देत बसतो आणि पैसे परत मागायची वेळ निघून जाते. याची फार चीड येते.

या बेंजोची पडद्यांची पट्टी उखडून पुन्हा बसवताना 4 मिलिमीटर घोडीकडे (तारा टेकतात त्या टोकाच्या आधाराकडे) सरकली होती. वरून नवा रंग. मोकळी तार 48 सेंटिमीटर, म्हणजे वरच्या सा चा पडदा घोडीसमोरच्या टोकापासून 24 वर हवा. तो 24.4 वर होता. सा सुमारे 30 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा, जवळपास एक तृतीयांश अर्धस्वर. तक्रारीनंतर विक्रेत्याने घोडी मागे सरकवून दिली. वरचा सा जुळला, पण खालच्या चाव्या चढ्याच राहिल्या. सरकलेली पट्टी घोडी हलवून सुधारत नाही, ती काढून पुन्हा बसवावी लागते.

दुकानात मात्र वाद्य गोड वाजलं होतं, कारण एको (आवाज घुमवणारा इफेक्ट) भरपूर होता आणि वाजवणारा चार-पाच चाव्यांपलीकडे गेला नव्हता. म्हणून एको बंद करायला लावा. मोबाइलवरच्या ट्यूनर अ‍ॅपने मोकळी तार जुळवा आणि एकेक चावी हलक्या हाताने दाबून तपासा. पाच सेंटपर्यंतचा फरक चालेल. पंधरा-वीस असेल तर उठून या. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर तारांचं अर्थिंग तुटलेलं नसतं, बाहेरचा विद्युत गोंगाट आत येत असतो. गणपतीच्या आधीच्या घाईत मुळीच घेऊ नका.

ऑनलाइन वाद्य घेताना "टोकन परत करतो" म्हणून कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर टाकू नका. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, फोन करा. दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यासाठी वाद्याचं वर्णन लिहिलेलं पक्कं बिल हवं.