आरपीतील मॅक्युलाच्या सुजेवर मायक्रोपल्स लेझर: एका रुग्णाचा अभिप्राय

रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजेच आरपी, या आजारात डोळ्याच्या पडद्यातील (रेटिनातील) प्रकाशपेशी हळूहळू मरत जातात. तो असलेल्या डोळ्यात कडेचे दिसणे आधीच आक्रसलेले असते आणि रात्रीचे जवळपास संपलेले असते. अशा वेळी वाचण्याचे आणि चेहरे ओळखण्याचे काम करणारी मॅक्युलाही (पडद्याचा मधला भाग) सुजली, तर उरलेल्या दृष्टीवरच घाला येतो. म्हणूनच या सुजेवर घेतलेल्या लेझरविषयी मोजूनमापून लिहिणे मला आवश्यक वाटते.

हा पहिला उपचार नव्हे. सुरुवात डॉर्झोलामाइडच्या थेंबांनी किंवा ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी होते आणि अनेकांची सूज त्यानेच उतरते. माझीही उतरली होती; परंतु गोळ्या चालू असतानाच ती पुन्हा वाढली, शिवाय बोटांना सतत मुंग्या येत आणि थकवा हटत नसे.

जुन्या पद्धतीच्या लेझरने पडद्यावर भाजल्याच्या खुणा राहत, आणि जेथे प्रकाशपेशी मुळातच मरत आहेत तेथे आणखी पेशी जाळण्यास मी कधीच तयार झालो नसतो. मायक्रोपल्समध्ये किरण सलग पडत नाही, 0.2 सेकंदाच्या ठिपक्यात तो साधारणपणे 5 टक्के वेळच चालू असतो, त्यामुळे मधल्या विरामांत पडद्याला थंड होण्यास सवड मिळते. भाजल्याची खूण उमटत नाही, आणि प्रकाशपेशींच्या मागील रंगद्रव्य-पेशी चेतवल्या जाऊन साचलेले पाणी अधिक चांगले शोषतात, असे मानले जाते. माझ्यासाठी वापरलेला 577 नॅनोमीटरचा पिवळा किरण मॅक्युलातील पिवळे रंगद्रव्य फारसे शोषून घेत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

प्रक्रिया काही मिनिटांतच झाली. डोळा बधिर करणारे थेंब घातल्यावर जेल लावलेले भिंग बुबुळावर टेकवतात आणि हनुवटी टेकूवर ठेवून स्थिर बसावे लागते. वेदना झाल्या नाहीत, पण आरपीच्या डोळ्याला तो प्रखर उजेड फार खुपतो. डॉक्टर थोड्या थोड्या ठिपक्यांनंतर थांबून मला विसावा देत होते. या सेवेतील हीच गोष्ट मला सर्वाधिक मोलाची वाटली, आणि इतरांनीही तशी विनंती आधीच करून ठेवावी.

परिणाम सावकाश दिसला. पुढच्या ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, पाणी साचलेली मधली मोठी काळी पोकळी बरीच सपाट झाली होती, कडेच्या लहान पोकळ्या मात्र तशाच होत्या. वाचताना ओळ मध्येच वाकडी दिसणे कमी झाले, तरी तक्त्यावर पूर्वीच्याच ओळीपर्यंत वाचता आले. सूज उतरणे आणि दृष्टी परतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लेझरपूर्वीच्या समुपदेशनात स्पष्टपणे सांगितले गेले नाही, आणि ती उणीव मला गंभीर वाटते.

आरपीतील सुजेसाठी या लेझरचे अभ्यास लहान गटांवरच झालेले आहेत, आणि मरून गेलेल्या पेशी तो परत आणत नाही. ओसीटीवर मधल्या भागातील प्रकाशपेशींचा थर शाबूत आहे, पण औषधांनी सूज हटत नाही, अशांनी रेटिनातज्ज्ञांकडे याची चौकशी जरूर करावी. मात्र चालू असलेले थेंब त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.