बी-१२ची गोळी: सायनोकोबालामिन की मिथाइलकोबालामिन?

जन्मभर शाकाहारी असलेल्या माझ्या मावशीच्या रक्ततपासणीत बी-१२ कमी आढळले आणि या दोन नावांपैकी कोणते निवडावे, असे तिने मला विचारले.

उपयोगाच्या दृष्टीने फरक वाटतो त्याहून बराच लहान आहे. मिथाइलकोबालामिन ‘सक्रिय’ म्हणून विकले जाते. परंतु पेशीत शिरल्यावर दोन्ही रूपांना जोडलेला रासायनिक गट (पहिल्यात सायनाइड, दुसऱ्यात मिथाइल) गळून पडतो आणि उरलेल्या कोबालामिनपासून, म्हणजे बी-१२च्या मूळ गाभ्यापासून, पेशी स्वतःच मिथाइल व अडेनोसिल ही कार्यरत रूपे घडवते. सायनाइडच्या उल्लेखाने मावशी घाबरली होती, पण १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीत ते जेमतेम २० मायक्रोग्रॅम असते आणि निरोगी शरीर ते सहज बाहेर टाकते. शोषणातही विशेष तफावत नाही: मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्काच भाग आतड्यातून आपोआप आत झिरपतो.

टिकाऊपणात सायनोकोबालामिन सरस आहे, कारण मिथाइल रूप प्रकाशात लवकर विघटित होते. तयार करण्यासही सायनोकोबालामिन स्वस्त पडते. आपल्याकडील दुकानांत मात्र मिथाइलकोबालामिन अधिक सहज मिळते.

म्हणून केवळ शाकाहारामुळे कमतरता असलेल्यांना सायनोकोबालामिन पुरेसे आहे. ते न मिळाल्यास मिथाइलकोबालामिनही चालेल, फक्त गोळ्या वेष्टनातच ठेवाव्यात. मूत्रपिंडाचा विकार किंवा लेबर हा आनुवंशिक नेत्रविकार असल्यास सायनोकोबालामिन टाळावे. हातापायांना मुंग्या येत असतील, तर गोळी निवडत न बसता आधी डॉक्टरांना भेटावे. अशा वेळी बहुधा इंजेक्शन लागते.