बिडाची कढई आणि सुईचा थर्मामीटर: आठ महिने फ्राइड चिकन तळल्यानंतर

घरच्या फ्राइड चिकनची तक्रार ठरलेली असते: वरून काळपट आणि हाडाजवळ कच्चं. खापर मसाल्यावर फुटतं, चूक मात्र तेलाच्या तापमानात असते. म्हणून हा अनुभव रेसिपीपेक्षा दोन वस्तूंचा आहे. एक, २६ सेंटिमीटरची, साडेतीन किलोची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई. दुसरा, सुई असलेला साधा डिजिटल थर्मामीटर. आठ महिने, महिन्यातून दोन-तीनदा आणि दर वेळी किलोभर चिकन, एवढा वापर झाला आहे.

आधी कढई. गोल बुडामुळे सव्वा लिटर तेलात मधोमध पाच-साडेपाच सेंटिमीटर खोली मिळते. सपाट बुडाच्या पातेल्यात तेवढ्या खोलीला बरंच जास्त तेल लागतं. तेल कढईच्या निम्म्यावर नेऊ नये, कारण चिकन पडलं की पातळी वर येते आणि फेस त्याहून वर. बीड तापायला वेळ घेतं. मोठ्या बर्नरवर मध्यम आचेला तेल १७५ अंशांवर यायला बारा-चौदा मिनिटं जातात. उतावळेपणाने आच मोठी केली की फसगत होते. गॅस बंद केल्यावरही बिडातली उष्णता तेलात उतरत राहते आणि आकडा आठ-दहा अंशांनी चढतो. म्हणून १६५ दिसताच आच कमी करायची, पुढचे दहा अंश कढईच देते.

पातळ हिंडालियमच्या कढईत हे लवकर होतं, पण चार गार तुकडे पडले की तिचं तेल बसतं ते बसतंच. बिडाचं वजन नेमकं तिथे कामाला येतं.

आता थर्मामीटर. घेताना तो ३०० अंशांपर्यंत मोजतो का एवढं बघावं. तेलात टाकलेला पिठाचा गोळा वर येण्याची जुनी खूण भज्यांना ठीक आहे. इथे ती उपयोगाची नाही, कारण गोळा १४५ ला वर येतो आणि १९० लाही येतो. लांबून रोखायची इन्फ्रारेड बंदूक फक्त वरचा थर वाचते, म्हणून न ढवळलेल्या तेलात ती चकवते. सुईचं टोक तेलाच्या मधोमध हवं. बुडाला टेकलं तर तेलाऐवजी लोखंडाचा आकडा मिळतो.

नवा थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा. मुंबईत १०० दिसायला हवेत. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे ९८ च्या आसपास, महाबळेश्वरात ९५-९६. तिथे १०० दिसले नाहीत म्हणून वस्तू परत करू नका. आमचा दोन अंश कमी दाखवतो. ते कायम मनात मिळवून घेतले की काम भागतं.

एका घाण्यात काय होतं ते जवळून बघा. तेल १७५. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेले चार तुकडे, साधारण सव्वाचारशे ग्रॅम, एकेक करून सोडले. आवाज लगेच चढतो, मोठे आणि दाट बुडबुडे येतात. आकडा घसरत अर्ध्या मिनिटात १५० वर. आता आच पूर्ण मोठी. पहिली दोन मिनिटं झारा लावायचा नाही. कोटिंग अजून ओलं असतं, झारा लागला की ते तुकड्यावरून सुटून बुडाशी बसतं आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके देतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आकडा १६० वर येतो आणि तिथून आच खालीवर करून तो १६० ते १६५ मध्ये ठेवायचा. बुडबुडे बारीक होऊ लागले, फसफस ओसरून चुरचुर उरली की तुकड्यातलं पाणी कमी झालं. ही खूण लेग पीसला बाराव्या-तेराव्या मिनिटाला येते, थायला चौदाव्याला, विंगला आठव्या-नवव्याला. सहा तुकडे टाकून पाहा, तेल १४० च्या खाली जातं आणि लवकर वर येत नाही. कोटिंग कडक व्हायच्या आधी तेल पितं, हातात घेतलेला तुकडा तळहात चमकवतो. किलोभराचे तीन घाणे करावेत, दोनात उरकू नये.

पक्व झालं का हे रंगावर ठरवू नका. सुई तुकड्याच्या जाड भागात, हाडाला न टेकवता घालायची. ७४ अंश आले की खायला सुरक्षित. ब्रेस्ट तिथेच काढावा, पुढे तो कोरडा पडतो. लेग आणि थाय मात्र ८०-८२ पर्यंत नेलेले चांगले, त्यातले चिवट धागे तेव्हा कुठे सैल होतात. ब्रॉयलर कोवळा असल्याने हाडातला रंग मांसात झिरपतो, म्हणून ८० अंशांनाही हाडाशी लालसर दिसू शकतं. ते कच्चं नव्हे. एवढ्या एका माहितीने कितीतरी घाणे करपायचे वाचतात.

अमेरिकेच्या दक्षिणेकडची मूळ पद्धत कातडीसकट चिकनची. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत पिसांसकट कातडी उतरवून देतात, त्यामुळे तिकडची रेसिपी जशीच्या तशी केली की कोटिंगखाली आधार राहत नाही. मशीनने पिसं काढणारं दुकान जवळ असेल तर कातडी ठेवायला सांगावं. नसेल तर मुरवण दाट हवं. एक किलोला ४०० मिलिलिटर घट्ट ताक, २० ग्रॅम मीठ, एक अंडं, आलं-लसणाची पेस्ट दोन चमचे आणि काश्मिरी तिखट एक चमचा. तिखट पिठात घालू नका, तेलात ते सगळ्यात आधी काळं पडतं. फ्रिजमध्ये सहा ते बारा तास मुरवावं. त्याच्या वर ठेवलं तर ताकाच्या आंबटपणाने वरचा थर पिठूळ होतो, आणि ताक फार आंबट असेल तर सहा तासही पुरेत. मुरवायला स्टीलचं किंवा काचेचं भांडं. बिडात आंबट ठेवू नये, कढईवर मुरलेला तेलाचा थर उतरतो. पक्षी लहान घ्या, साफ करून किलोच्या आतला. मोठ्याचा लेग पीस आतून शिजेपर्यंत बाहेरून जळतो. करी कट तर अजिबात नको.

पीठ: मैदा २५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ६०, तांदळाचं पीठ ४०, बेकिंग पावडर एक चमचा, मिरपूड दोन चमचे, मीठ एक चमचा. हे कोरडं एकत्र झाल्यावर मुरवणातलंच ताक तीन मोठे चमचे त्यात शिंपडून बोटांनी चोळायचं. पिठात बारीक गोळ्या होतात, तळल्यावर तुकड्यावर जे खडबडीत कंगोरे दिसतात ते ह्याच गोळ्या. एवढं टाळलं तर कोटिंग गुळगुळीत, पापडासारखं होतं. तुकडा ताकातून निथळून पिठात दाबून घोळवायचा, झटकायचा आणि जाळीवर वीस मिनिटं ठेवायचा. कोरडं पीठ ओल शोषून चिकटतं. घाईत हा वीस मिनिटांचा थांबा गाळला की तळताना साल निघाल्यासारखं कोटिंग सुटतं.

तळून झालं की टिश्यूवर नको, जाळीवरच. कागदावर खालची बाजू वाफेने पाच मिनिटांत मऊ पडते. जास्त कुरकुरीत हवं असेल तर कोरियन पद्धतीने दुसऱ्यांदा तळा: दहा मिनिटं विसावा, मग १८५ ला दीड ते दोन मिनिटं. पाहुण्यांच्या वेळी सोयीचं, पहिलं तळणं आधी करून ठेवता येतं.

एक इशारा. केएफसीचे संस्थापक हारलंड सँडर्स यांनी १९३९ मध्ये प्रेशरखाली तळायची पद्धत धरली, त्यावरून कुणी घरचा कुकर तेल घालून लावायचं सुचवतं. कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या वाफेसाठी असतात, पावणेदोनशे अंशांच्या तेलासाठी नव्हे. हे करू नका.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं उत्तम. लाकडी घाण्यावर काढलेलं तेल १७५ च्या आधीच धुरकटू लागतं आणि वासही धरतं. तळून कोमट झालं की सुती फडक्यातून गाळून काचेच्या बरणीत भरा. कढईत ठेवू नका, लोखंडाच्या संगतीत तेल लवकर खवट होतं. चिकनचं तेल तीन वेळा, बस्स. त्याआधीच फेस विरायला तयार नसेल किंवा १७० लाच धूर दिसला तर तिथेच थांबा. हॉटेलांना तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की ती वाढतात) २५ टक्क्यांची मर्यादा आहे, घरी ते मोजायची सोय नसते, म्हणून नाक आणि फेस.

तक्रारी दोन्ही वस्तूंबद्दल आहेत. थर्मामीटरचा आकडा स्थिर व्हायला सहा-सात सेकंद लागतात, तोवर हात वाफेवर. चौथ्या महिन्यात वाफेने काच आतून धुरकटली. तेव्हापासून थर्मामीटरची मान वाकडी करून, त्याचं डोकं कढईच्या बाहेर ठेवून मोजतो. बटणासारखी बॅटरी पाच महिन्यांत संपली, आणि संपण्याआधी आकडे भरकटले, तेव्हा दर दोन महिन्यांनी पाण्याची चाचणी करावी. कढई जड, भरलेली तर एका हाताने उचलायचीच नाही. गरम असताना गार पाणी पडलं तर बीड तडकतं. काठाच्या वर चिकट पिवळट थर बसतो, तो नुसत्या साबणाने जात नाही. कढई कोमट असताना जाडं मीठ आणि तेलाचा थेंब घेऊन नारळाच्या शेंडीने घासला की निघतो. मग धुऊन लगेच आचेवर वाळवायची आणि बोटावर मावेल एवढं तेल चोपडून ठेवायची.