जुना ट्रॅक्टर कराडहून चिपळूणला: फ्लॅटबेड गाडीचा अनुभव

मे महिन्यात कराडजवळच्या एका गावातून जुना महिंद्रा ५७५ घेतला, मागे रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) जोडलेला. चिपळूणला आणायचा म्हणजे मध्ये कुंभार्ली घाट. कराडच्याच एका टोइंगवाल्याची हायड्रॉलिक फ्लॅटबेड, म्हणजे सपाट हौद्याची गाडी, सांगितली.

फोनवर भाडं सांगण्याआधी त्याने विचारलं, "काका, मागच्या टायरांत पाणी आहे का?" त्या प्रश्नावरच मी त्याला काम दिलं. पाणी होतंच; वजन वाढून शेतात पकड मिळावी म्हणून ते भरतात. नुसता ट्रॅक्टर १,९०० किलोच्या आसपास, १३.६-२८ मापाच्या दोन्ही टायरांतलं पाऊणभर पाणी साडेतीनशेच्या वर, रोटाव्हेटर चारशेच्या घरात. सगळं मिळून अडीच टनांच्या पुढे जातं. गावातला एक पिकअपवाला निम्म्या भाड्यात न्यायला तयार होता, पण त्याची गाडी दीड टनाला पास. सपाटीला ओढेलही ती. हेळवाक सोडून पोफळीकडे उतरायला लागलं की एवढं ओझं धरून ठेवायचं ब्रेकनाच असतं.

चढवण्याचं काम मी जवळ उभं राहून बघितलं. गाडीचा हौदा मागे सरकून जमिनीला टेकतो, त्यामुळे चढ फार राहत नाही. तरीही ड्रायव्हरने ट्रॅक्टर रिव्हर्समध्येच घेतला. रोटाव्हेटरचं वजन मागे असताना सरळ चढवला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. वर गेल्यावर रोटाव्हेटर खाली टेकवला, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग चार कोपऱ्यांना चार साखळ्या, प्रत्येकीला आवळायला वेगळं रॅचेट. क्लीनर पुढचा हुक स्टिअरिंगच्या रॉडला अडकवत होता. ड्रायव्हरने त्याला थांबवून एक्सलच्या जाड भागाला लावायला सांगितलं. हे बघून माझी काळजी मिटली. रॉड वाकला असता तर घरी पोचल्यावर ट्रॅक्टर चालवणंच धोक्याचं झालं असतं.

थोडं अंतर गेल्यावर त्याने स्वतःहून गाडी बाजूला घेतली. टायर हिंदकळून बसतात आणि साखळ्या सैल पडतात, म्हणून पुन्हा आवळल्या. कोयनानगरला परत एकदा. घाट सगळा खालच्या गिअरमध्ये उतरला.

उणं एवढंच की भाडं जाऊन-येऊन किलोमीटरवर लागतं, म्हणजे महाग पडतं. गाडी सांगितलेल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा आली. शिवाय वाटेत मालाचं नुकसान झालं तर विमा त्यांच्याकडे नाही, हे विचारल्यावर कळलं. ते त्यांनी आधी सांगायला हवं. ट्रॅक्टरचं आरसी आणि विमा मात्र त्यांनी निघण्याआधी बघून घेतलं, ते बरं केलं.

आमच्या वाडीचा रस्ता अरुंद, एवढी लांब गाडी वळत नाही. ट्रॅक्टर मोठ्या रस्त्यावरच उतरवून पुढे चालवत न्यावा लागला. कोकणातल्या कुणी ही गाडी सांगितली तर वळायला जागा कुठे आहे, ते फोनवरच ठरवून घ्या.