कानाझावा स्टेशन: दारातच उभं असलेलं वाद्य

मी मिरजेत तबला शिकवतो. गेल्या नोव्हेंबरात भाच्याकडे टोकियोला गेलो, तेव्हा त्याला म्हटलं, बाकी काही नको, ते वाद्याचं दार असलेलं स्टेशन तेवढं दाखव. शिंकानसेननं, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेननं, अडीच तासांत कानाझावा.

उतरल्यावर पूर्वेच्या दारानंच बाहेर पडा. पश्चिमेनं गेलात तर जे बघायला आलात तेच राहून जाईल.

त्या दाराचं नाव त्सुझुमी-मोन. त्सुझुमी म्हणजे जपानच्या पारंपरिक नोह नाटकात वाजणारं छोटं चर्मवाद्य. मधे बारीक, दोन्ही तोंडांना कातडं, दिसायला आपल्या डमरूचं भावंड. ते उजव्या खांद्यावर घेतात, उजव्या हातानं वाजवतात आणि डाव्या हातानं दोऱ्या आवळत-सोडत सूर वर-खाली करतात. दाराचे दोन लाकडी खांब याच वाद्यावरून घेतलेत. उंची 13.7 मीटर. पीळ घालत वर गेलेल्या तुळया खालून बघताना पखवाजाच्या ताणलेल्या वाद्या आठवल्या आणि हात आपोआप शिवशिवले. भाचा फोटो काढून मोकळा झाला, मी मात्र अर्धा तास खांबांभोवतीच घुटमळत होतो.

दारामागे काचेचा प्रचंड घुमट आहे. काचा तीन हजारांवर, सांगाडा अॅल्युमिनियमचा. दार आणि घुमट दोन्ही 2005 सालचे. या गावाला पाऊस आणि बर्फ फार. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी तिकडे म्हणच आहे. म्हणून आल्या पाहुण्याच्या डोक्यावर छत्री धरावी, या कल्पनेनं तो घुमट बांधला. आम्ही पोचलो तेव्हा सर आलीच, आणि अंगावर थेंब न पडता बसपर्यंत गेलो. केनरोकुएन बाग बसनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

आतही गावाचे कारागीर भेटतात. जपानातला जवळपास सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात बनतो, तो शिंकानसेनच्या फलाटावरच्या खांबांनाही लावलाय. हे बघताना मिरज डोळ्यांपुढून हलेना. आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरज जंक्शनला उतरणाऱ्याच्या स्वागतालाही असाच दोन मजली तंबोरा उभा असावा, असं फार मनापासून वाटलं.

शाकाहारी मंडळींनी जपून राहावं. नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. मी उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट आलुबुखारासारखं फळ, घातलेल्या भाताच्या मुटक्यांवर, म्हणजे ओनिगिरीवर भागवलं, आणि ती चव मला आवडली.

सामान लॉकरमध्ये ठेवा आणि परतीची गाडी अंधार पडल्यानंतरचीच घ्या. दिवे लागले की खांबांचा पीळ दिवसापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.