कोअर अल्ट्रा, रायझेन एआय, स्नॅपड्रॅगन की एम४? आधी वॅट विचारा

लॅपटॉप घेताना लोक गिगाहर्ट्झ विचारतात, कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) किती ते विचारतात, रॅम तर विचारतातच, पण किती वॅटवर चालतो, म्हणजे चिप किती वीज खाते, हे कोणी विचारत नाही आणि सगळी गोम तिथंच आहे.

माझ्याकडे इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही वाला आहे, भावाकडे एएमडीचा रायझेन एआय ९ एचएक्स ३७०, ऑफिसचा स्नॅपड्रॅगन एक्स एलिटवाला मिळालाय आणि वहिनीचा मॅकबुक एअर एम४. चारही हाताखालून गेलेत म्हणून लिहितोय. लॅपटॉपच्या कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही, विषय चिपचा आहे.

नुसता वेग बघायचा तर सिंगल कोअरमध्ये (एकच कोअर कामाला लावला तर) या चौघांत एम४ च्या जवळपास कोणी नाही. सिनेबेंच २०२४ मध्ये (चिपचा वेग मोजायची चाचणी) तो १७० गुणांच्या आसपास जातो, बाकीचे १२० च्या आगेमागे घुटमळतात. पण सगळे कोअर एकदम जुंपायचे म्हटलं की रायझेन पुढे, कारण १२ कोअर आणि २४ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आहेत (४ मोठे झेन ५ आणि ८ छोटे झेन ५सी, झेन म्हणजे एएमडीच्या कोअरची रचना), आणि माझ्या २५८व्ही मध्ये मोजून ८ कोअर, त्यात इंटेलने हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) पण काढून टाकलंय. व्हिडिओ एक्स्पोर्ट, मोठा कोड कंपाइल, ब्लेंडर असली कामं असतील तर भावाचा लॅपटॉप माझ्यावाल्याच्या दीडपट आणि कधी त्याहून जास्त पळतो, मान्य.

पण तो तसा पळतो ते चार्जर लावल्यावर. या रायझेनला एएमडीने १५ पासून ५४ वॅटपर्यंत मोकळीक दिलीय आणि त्यात किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे पातळ लॅपटॉपमधला एचएक्स ३७० आणि जाडजूड लॅपटॉपमधला एचएक्स ३७०, स्टिकर तोच पण गाडी वेगळी! चार्जर काढला की बऱ्याच कंपन्या वॅट आणखी खाली आणतात. एम४ आणि स्नॅपड्रॅगन बॅटरीवर पण जवळपास तेवढेच चालतात, माझ्या इंटेलला पण फार फरक पडत नाही.

आता कोणी म्हणेल वॅट दुप्पट दिले तर वेग पण दुप्पट होत असेल ना. नाही होत. फ्रिक्वेन्सी (गिगाहर्ट्झ) वाढवायची तर व्होल्टेज वाढवावा लागतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, त्यामुळे वरचा थोडासा वेग मिळवायला लय वीज जळते आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर येते. म्हणून १७ वॅटचा २५८व्ही (ताणला तर ३७ पर्यंत जातो) कागदावर बारका दिसतो पण रोजच्या कामात कुठे अडत नाही.

आणि रोजचं काम म्हणजे तरी काय, पंधरा-वीस टॅब, एक्सेल, टीम्सचा कॉल, मधेच पीडीएफ. यात चिप बहुतेक वेळ रिकामीच बसलेली असते. त्यामुळे बॅटरी किती चालेल हे ती पळताना किती खाते यापेक्षा बसल्याबसल्या किती खाते यावर ठरतं. हिशोब सोपा आहे, ६० वॅट-अवरची बॅटरी असेल आणि अख्खा लॅपटॉप स्क्रीनसकट ६ वॅट खात असेल तर १० तास, १२ खात असेल तर ५ तास. इंटेलने लुनर लेकमध्ये (सप्टेंबर २०२४ ला आलेली २००व्ही सिरीज, माझा २५८व्ही यातलाच) हेच पकडलं. ४ छोटे कोअर वेगळ्या कोपऱ्यात ठेवले, हलकं काम तिथंच उरकतं, मोठ्या कोअरना उठवावंच लागत नाही, आणि रॅम चिपच्या पॅकेजवरच बसवली म्हणजे डेटा ने-आण करायला वीज कमी. बरं मेन चिप बनवली कोणी तर तैवानच्या टीएसएमसीने, इंटेलने नाही! तोटा हा की रॅम १६ किंवा ३२ जीबी, नंतर वाढवायचं नाव नाही, घेतानाच ३२ वाला घ्या. पॅकेजवर रॅम देणं परवडत नाही म्हणून हा प्रकार एकदाच केला असं इंटेलनेच नंतर सांगितलं, त्यामुळे मिळतोय तोवर बघून घ्या.

स्नॅपड्रॅगनबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. १२ ओरायन कोअर, बॅटरी झकास, झाकण बंद करून बॅगेत ठेवला तरी चार्ज फारसा उतरत नाही. पण हा एआरएम आहे, म्हणजे फोनच्या चिपसारखी रचना, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली जुनी सॉफ्टवेअर प्रिझम नावाच्या एम्युलेटरमधून (दुभाष्यासारखा प्रोग्रॅम) चालतात, बहुतेक चालतात पण, ड्रायव्हरला (बाहेरचं यंत्र लॅपटॉपशी जोडणारं सॉफ्टवेअर) मात्र एम्युलेशन लागू होत नाही. म्हणजे जुना स्कॅनर, टेंडर भरायचा डिजिटल सहीचा टोकन, लेबल प्रिंटर यांचा एआरएम ड्रायव्हर नसेल तर विषय संपला. सीए किंवा कॉन्ट्रॅक्टर असाल तर आधी दुकानात टोकन लावून बघा आणि मगच पैसे द्या.

एम४ एअर ९९,९०० ला लाँच झाला तेव्हाच १६ जीबी रॅम होती, त्या पैशात हा वेग आणि ही बॅटरी दुसरीकडे मिळणं अवघड. पण फॅन नाही. थोडा वेळ जोरात पळतो, मग अंग गरम झालं की स्वतःच हळू होतो. आम्ही नागपूरवाले, मे महिन्यात ४५ डिग्री आणि लाईट गेली की कूलर पण बंद, आणि रिव्ह्यूवाले टेस्ट करतात एसीच्या २२-२५ डिग्रीत. चिपची तापायची मर्यादा १०० च्या आसपास ठरलेली, मग खोलीच २० डिग्रीने जास्त गरम असेल तर तेवढी जागा आधीच गेली ना भाऊ. उन्हाळ्यात लांबलचक एक्स्पोर्ट करणार असाल तर फॅनवालाच घ्या, मग तो कितीही बोंबलो.

गेमिंग थोडक्यात: चिपमधली ग्राफिक्स, म्हणजे रायझेनची ८९०एम आणि इंटेलची आर्क १४०व्ही, दोन्ही हलक्या गेमला चालतात, कमी वॅटमध्ये इंटेलची मला जास्त आवडली. एनपीयूचे (एआयची कामं करणारा चिपमधला भाग) ४५-५० टॉप्स (त्याचा वेग) वगैरे बघून सध्या तरी एक रुपया जास्त देऊ नका.

आता नावांचा घोळ, इथं लोक जास्त फसतात. कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही, २५५यू आणि २५५एच, तिन्हीवर "अल्ट्रा ७" लिहिलेलं असतं पण आतून तिन्ही निराळे. यू मध्ये मोठे कोअर फक्त २, एच मध्ये ६ पण भूक मोठी. लांब बॅटरी हवी असेल तर शेवटी व्ही आहे का तेवढं बघा. कमी बजेटमध्ये तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, रायझेन ५ ७५२०यू ऐकायला ७००० सिरीजचा पण आत ४ कोअरचा झेन २, जी रचना २०१९ ची. त्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. आणि आय५ १३४२०एच वाले ऑफरमध्ये खूप दिसतात, चिप वाईट नाहीये पण ती मूळचीच ४५ वॅटची, सोबत पन्नासच्या आत वॅट-अवरची बॅटरी असेल तर कॉलेजच्या पोराला चार्जर रोज बॅगेत न्यावाच लागेल.