नौपाड्यातला इंग्लिश क्लास, आणि एका ‘ओन्ली’वर आख्खा तास

ठाण्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास पायलीला पन्नास मिळतील, पण गोखले रोडच्या आतल्या गल्लीतला हा क्लास मला मनापासून आवडलाय आणि का आवडला ते जरा सविस्तर सांगते, कारण ‘सर मस्त शिकवतात’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी टेन्सचा तक्ता हातात देतात आणि पाठ करून या म्हणतात. इथे सर रोजच्या बोलण्यातला एखादा छोटा शब्द घेतात, जस्ट, इव्हन, स्टिल असा, आणि त्याचा पार कीस पाडल्याशिवाय सोडत नाहीत, तेही मराठीतून समजावत.

ओन्लीचा तास तर कमाल होता. बोर्डावर एकच वाक्य, ‘सरिता ब्रॉट टी ऑन मंडे’, आणि सर ओन्ली पुढे पुढे सरकवत गेले. ओन्ली सरिता म्हणजे सरितानेच आणला, बाकी कोणी नाही. ओन्ली टी म्हणजे चहाच, बिस्किटं नाहीत. ओन्ली ऑन मंडे म्हणजे सोमवारीच, इतर वारी नाही. मग ‘सरिता ओन्ली ब्रॉट टी’ लिहिलं आणि वर्गात वाद सुरू, कारण तिने चहा नुसता आणला, केला दुसऱ्याने, असाही अर्थ लागतो आणि फक्त चहाच आणला असाही लागतो. सर म्हणाले बोलताना इंग्रज लोक सर्रास इथेच ओन्ली टाकतात आणि ज्या शब्दाबद्दल म्हणायचंय त्यावर जोर देतात, म्हणून कोणाचं अडत नाही, लिहिताना मात्र जागा सांभाळायची. इंग्रजीच्या वापरावर १९२६ मध्ये कोश काढणाऱ्या फाउलरनेसुद्धा ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ अशा वाक्यांना नावं ठेवणाऱ्यांनाच सुनावलं होतं म्हणे, मला हे ऐकून फार बरं वाटलं.

पण खरी मजा आपल्या ‘च’ची. आपण ‘मी ठाण्यातच आहे’ म्हणतो आणि तेच उचलून ‘आय अ‍ॅम इन ठाणे ओन्ली’ करतो. आपापसात सगळ्यांना कळतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं सरांनी स्पष्ट सांगितलं. अडचण बाहेरच्या माणसाशी बोलताना येते. ऐरोलीला आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी क्लायंटला सांगत असतं, ‘रिपोर्ट विल कम टुडे ओन्ली’, म्हणजे आजच येईल, काळजी नको. समोरच्याला वाटू शकतं की फक्त आज येणार, उद्या नाही. कारण इंग्रजीतला ओन्ली मुख्यतः बाकीचं वगळतो, आणि आपला च वगळतो पण आणि नुसता जोरही देतो.

यावर एका काकूंनी विचारलं, ‘सर, मग मी येणारच हे कसं म्हणायचं हो?’ आणि तिथून जो तास रंगला तो रंगलाच. मी येणारच म्हणजे आय विल डेफिनेटली कम. मीच केलं, आय डिड इट मायसेल्फ. हेच हवं होतं, धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉन्टेड. दारातच भेटला, राइट अ‍ॅट द डोअर. तोच शर्ट, द सेम शर्ट. आपला एक च आणि तिकडे दर वेळी वेगळा शब्द, आणि हे मला शाळेत एकदाही कोणी सांगितलं नव्हतं!

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ‘कुठे’. ‘ही केम ओन्ली अ‍ॅट टेन’ याचं फक्त दहाला आला असं केलं तर कसंतरीच वाटतं, दहा वाजता कुठे आला म्हटलं की बरोब्बर बसतं. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’, तेव्हा कुठे मला कळलं, आणि ओन्ली असा सुरुवातीला आला की पुढे प्रश्नासारखी उलटापालट होते, डिड आधी आणि आय नंतर. ओन्ली टू हॅपी म्हणजे अगदी आनंदाने, तिथे ‘फक्त’ हा अर्थ शोधायला जायचं नाही. इफ ओन्लीवर, म्हणजे ‘असं झालं असतं तर किती बरं’वर, घाईघाईत दोन वाक्यं झाली, तो वेगळा घ्यायला हवा होता. चेकवर रकमेपुढे ओन्ली का लिहितात तेही आलं, पुढे कोणी शब्द वाढवू नये म्हणून, आपण पावतीवर अक्षरी रुपये पाच हजार फक्त लिहितो तसंच.

आता कमी काय ते. बॅच मोठी आहे, मागच्या बाकांवरच्यांना बोलायची पाळी फारशी येत नाही, आणि स्पोकन इंग्लिश म्हटल्यावर हे खटकतंच. झेरॉक्स नोट्स इतक्या फिकट की डोळे दुखतात. उच्चारांवर वेळ जवळजवळ नाही. जागा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी लावायचं तर नावच काढू नका, स्टेशनवरून चालत या. फी दोन हप्त्यांत घेतात आणि पहिला तास बसून बघू देतात, तर तेवढं नक्की करा, आणि लवकर जाऊन पुढच्या दोन ओळीत जागा धरा.